विश्लेषण : कुत्र्यासाठी घरीच बिस्किटे भाजताय? आधी बेदाण्यांचा डबा बाजूला ठेवा

ठाण्याहून बाळकुममार्गे कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्याची हद्द लागते आणि थोड्याच वेळात काल्हेर येते. रस्त्याच्या एका अंगाला गोदामांच्या पत्र्यांची रांग, दुसऱ्या अंगाला नवे टॉवर. गोदामांच्या फाटकाशी रखवालदारांनी सांभाळलेले गावठी कुत्रे, तर टॉवरच्या लिफ्टमध्ये पट्टा लावलेले लॅब्राडोर नाही तर शिह त्झू. या दोन्ही कुत्र्यांचा खाऊ मात्र बहुतेक वेळा एकच असतो. पानटपरीवर पाच रुपयांना मिळणारा ग्लुकोज बिस्किटांचा पुडा.

त्या पुड्याऐवजी घरीच कणीक मळून, भाजून कुत्र्याला खाऊ द्यावा, असे वाटणाऱ्यांची संख्या शहरांत वाढते आहे. विकतचा खाऊ महाग, त्यात नेमके काय आहे हे कळत नाही आणि मोबाइलवर पाककृतींचा पूर. मात्र माणसाच्या स्वयंपाकघरातले सगळेच पदार्थ कुत्र्याच्या पोटाला चालत नाहीत. काही जिन्नस असे आहेत की मूठभर पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. काय घालावे, काय टाळावे, किती द्यावे आणि पावसाळ्यात ते टिकते का, याविषयी.

ग्लुकोज बिस्किटात वाईट काय आहे?

ते विष नाही, हे आधी स्पष्ट केलेले बरे. दिवसाकाठी एखादे बिस्किट खाऊन धडधाकट कुत्रा आजारी पडत नाही. अडचण प्रमाणाची आहे. अशा बिस्किटांचा मुख्य ऐवज म्हणजे मैदा किंवा गव्हाचे पीठ, साखर आणि पामतेल. शंभर ग्रॅममागे साधारण ४५० कॅलरी आणि पाव हिस्सा साखर. म्हणजे पाच-साडेपाच ग्रॅमची चार बिस्किटे दिली की शंभर कॅलरी झाल्या. दहा किलोच्या कुत्र्याची दिवसभराची गरज सहाशेच्या आसपास असते, हे लक्षात घेतले तर त्या चार बिस्किटांनी किती जागा अडवली हे कळेल. शिवाय घरातला प्रत्येक जण आपापले एक बिस्किट देतो आणि त्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. वजन वाढते, मग सांधे दुखतात, दात किडतात, हिरड्या सुजतात. चहात बुडवून देण्याची सवय असेल तर थोडे कॅफिनही पोटात जाते.

पण कुत्रा मांसाहारी ना? मग पीठ पचते कसे?

लांडग्याला फारसे पचत नाही, कुत्र्याला पचते. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनमधील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज नावाचे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. पाळीव कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणसाने शेती सुरू केली, उकिरड्यावर धान्याचे उष्टे पडू लागले आणि जे प्राणी ते पचवू शकले ते माणसाजवळ राहिले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

महाराष्ट्राला हे सांगायला संशोधन लागू नये. भाकरीचा तुकडा कुत्र्यासाठी बाजूला काढण्याची रीत इथे जुनी आहे. कुत्र्याने पळवलेली भाकरी कोरडी आहे म्हणून संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. तुपाचे तेवढे मात्र आजचा पशुवैद्य मोजूनच देऊ देईल. जास्त स्निग्ध पदार्थांनी काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि हा आजार गंभीर असतो.

धान्य पचते याचा अर्थ धान्यावर कुत्रा जगतो असा नाही. बिस्किट हा खाऊ आहे, जेवण नव्हे.

विकतच्या खाऊचे काय?

कुत्र्याचे बिस्किट ही कल्पना तशी दीडशे वर्षांहून जुनी. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस वीजवाहक दांडे विकायला लंडनमध्ये आला होता. गोदीत खलाशांची टाकून दिलेली कडक बिस्किटे कुत्रे खात असल्याचे त्याने पाहिले आणि त्यातून त्याला धंदा सुचला, असे सांगितले जाते. त्याच कंपनीत नोकरी केलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१ मध्ये ‘क्रफ्ट्स’ हे प्रसिद्ध श्वान प्रदर्शन सुरू केले. हाडाच्या आकाराच्या बिस्किटांसाठी ओळखली जाणारी ‘मिल्क-बोन’ अमेरिकेत १९०८ मध्ये आली.

या उद्योगाला धक्केही बसले. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ लागली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळलेले निघाले. प्रथिने जास्त दिसावीत म्हणून केलेली ती भेसळ होती. त्याच वर्षापासून सुकवलेल्या चिकनच्या पट्ट्यांबाबत तक्रारी येऊ लागल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अशा खाऊशी जोडलेल्या हजाराहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूंची नोंद झाली, तरी नेमके कारण हाती लागले नाही. २०२० च्या अखेरीस एका कंपनीच्या मक्यावर आधारित खाद्यात अफ्लाटॉक्सिन सापडले आणि शंभरावर कुत्रे दगावल्याची नोंद झाली.

हे तीनही प्रकार परदेशातले. पण यातला शेवटचा, अफ्लाटॉक्सिनचा धडा काल्हेरच्या स्वयंपाकघरालाही लागू आहे. हे बुरशीचे विष आहे. दमट हवेत राहिलेल्या शेंगदाण्यावर, मक्यावर ते तयार होते आणि यकृतावर घाव घालते. घरगुती भट्टीच्या तापमानाला ते पुरते नष्ट होत नाही. म्हणजे खवट वास येणारे दाणे ‘आपल्याला नको, कुत्र्याला चालतील’ म्हणून बिस्किटात घालणे ही सर्वात वाईट काटकसर ठरते.

स्वयंपाकघरातले कोणते जिन्नस जीवघेणे?

पहिला क्रमांक बेदाणे, मनुका आणि द्राक्षांचा. शिऱ्यात, लाडवात, केकमध्ये आपण सढळ हाताने बेदाणे घालतो. कुत्र्याच्या पोटात गेल्यावर आधी उलट्या होतात आणि पुढच्या एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडू शकतात. एखादा कुत्रा बरेच खाऊनही वाचतो, तर दुसरा थोड्यानेच आजारी पडतो. असे का, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील प्राणी विषबाधा केंद्रातील पशुवैद्यांनी एक धागा पकडला. घरी बनवलेली खेळण्याची माती खाल्लेल्या कुत्र्याला अगदी द्राक्षांसारखीच विषबाधा झाली होती आणि त्या मातीत ‘क्रीम ऑफ टार्टर’ होते. द्राक्षात असते तेच टार्टारिक आम्ल. द्राक्षाची जात आणि पिकण्याची अवस्था यांनुसार या आम्लाचे प्रमाण बदलते, म्हणून परिणामही बदलतो.

इथे मराठी घरांसाठी महत्त्वाची गोष्ट आहे. पुढच्याच वर्षी याच संशोधकांनी चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची प्रकरणेही मांडली. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचाच. त्यामुळे उरलेली चिंच-गुळाची आमटी पोळीवर ओतून कुत्र्याला घालणे थांबवलेले बरे. त्या आमटीत बहुधा कांदा-लसूणही असतोच.

कांदा आणि लसूण हा दुसरा धोका. यातील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसू लागतात. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हे दीड-दोन मध्यम कांदे झाले. लसूण त्याहून कितीतरी तीव्र आणि वाळवलेली पूड तर आणखी. परिणाम लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिकट पडतात. तोवर काय खाल्ले होते ते घरचे विसरलेले असतात. विकतचा चिकन मसाला किंवा सूपची पुडी बिस्किटात ‘चवीपुरती’ घालू नये ती यासाठी.

तिसरा पदार्थ कोको. चॉकलेटमधले थिओब्रोमाइन माणसाचे शरीर काही तासांत निकाली काढते. कुत्र्याच्या शरीरातून निम्मे बाहेर पडायलाच सतराएक तास लागतात. दर किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या, अस्वस्थता सुरू होते, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये एका ग्रॅमला साधारण दोन मिलिग्रॅम थिओब्रोमाइन असते, गडद चॉकलेटमध्ये पाच, पण कोको पावडरमध्ये ते २० च्याही पुढे जाते. गणित करा : दहा किलोच्या कुत्र्याला त्रास व्हायला दोनशे मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे दहा ग्रॅम कोको, दोन चमचे. कुत्र्याच्या वाढदिवसाला माणसांच्या बेकरीतून चॉकलेट केक आणण्याची हौस असेल तर हा आकडा लक्षात असू द्यावा.

चौथा झायलिटॉल. ही साखरेच्या जागी वापरली जाणारी गोड अल्कोहोल वर्गातील वस्तू आहे. माणसाला निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या शरीरात ती इन्सुलिनचा लोंढा सोडते. रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात कोसळू शकते. दर किलोमागे ०.१ ग्रॅम एवढे प्रमाणही धोक्याचे मानले जाते आणि अर्ध्या ग्रॅमच्या वर गेले तर यकृत निकामी होण्याची भीती असते. शुगर-फ्री च्युइंग गम, मुखशुद्धीच्या गोळ्या, ‘नो शुगर’ म्हणून विकले जाणारे काही पीनट बटर यांत ते असू शकते. लेबलवर ‘आयएनएस ९६७’ किंवा ‘ई ९६७’ असा आकडा दिसला की ती बरणी कुत्र्यासाठी बाद.

बाकीचे थोडक्यात. यीस्ट घातलेले कच्चे पीठ पोटात फुगते आणि आंबून दारू तयार करते, त्यामुळे पाव करताना पातेले उंचावर ठेवावे. मॅकाडेमिया नट्स टाळावेत. पुरणात, श्रीखंडात पडणारे जायफळ जास्त प्रमाणात गेले तर कुत्रा भ्रमिष्टासारखा वागतो. शिजवलेली हाडे सुळ्यासारखी फुटून आतडे फाडतात. आणि मीठ, साखर, गूळ यांची बिस्किटात गरजच नसते. कुत्र्याला चव जिभेपेक्षा नाकाने कळते.

चुकून खाल्ले तर?

घड्याळ पाहावे आणि पशुवैद्याला फोन लावावा, या क्रमाने. पोटातला पदार्थ उलटी करवून बाहेर काढण्याचा उपयोग साधारण पहिल्या एक-दोन तासांतच होतो. ते कामही पशुवैद्याचे. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा जो जुना उपाय सांगितला जातो, त्याने रक्तातले सोडियम वाढून कुत्रा दगावू शकतो. काय खाल्ले, किती खाल्ले, कधी खाल्ले आणि कुत्र्याचे वजन किती, ही चार उत्तरे तयार ठेवावीत. पाकिटाचा फोटो काढून पाठवावा.

काल्हेरकरांसाठी यात वेळेचा मुद्दा मोठा आहे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय किंवा २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे सुरू झालेले टाटा समूहाच्या न्यासाचे प्राण्यांचे रुग्णालय, ही मोठी नावे मुंबईत आहेत आणि तिथे पोहोचण्याआधी कशेळी पूल ते माजिवडा एवढेच अंतर संध्याकाळी किती वेळ खाते ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रात्री-अपरात्री फोन उचलणारा ठाण्यातला किंवा भिवंडीतला जवळचा पशुवैद्य कोण, हे आजच शोधून त्याचा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग.

मग बिस्किटात घालायचे काय?

साधी, पाहिजे तेवढी बदलता येणारी कृती अशी. गव्हाची कणीक २०० ग्रॅम, वाफवून कुस्करलेला लाल भोपळा १०० ग्रॅम, एक अंडे आणि साखर-मीठ नसलेले शेंगदाण्याचे लोणी एक चमचा, म्हणजे पंधरा ग्रॅम. हे लोणी घरी करायचे तर चांगले दाणे भाजून, साले काढून मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवावेत. पाणी घालायचे नाही, भोपळा आणि अंड्यातलेच पुरते. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट गोळा झाला पाहिजे.

गव्हाने ज्या कुत्र्याला खाज सुटते किंवा पोट बिघडते, त्याच्यासाठी निम्मी नाचणी आणि निम्मी ज्वारी घ्यावी. या पिठांना चिकटपणा नसल्याने लाटताना कडा फुटतात, पण कुत्रा त्याबद्दल तक्रार करत नाही. भोपळ्याऐवजी रताळे किंवा गाजर चालते. मांसाहारी घरात उकडून कुस्करलेले चिकन किंवा थोडी कलेजी घालता येते. कलेजीचा वास कुत्र्याला वेड लावतो, मात्र तिच्यात जीवनसत्त्व ‘अ’ भरपूर असल्याने ती रोजच्या रोज नको.

पोळपाटावर अर्धा सेंटिमीटर जाड लाटून सुरीने चौकोनी तुकडे पाडायचे. हाडाच्या आकाराचा साचा फोटोसाठी छान. पण चौकोनात पीठ वाया जात नाही आणि लहान तुकडे सारखे भाजतात. वरच्या मापात सहा-सहा ग्रॅमचे साठ तुकडे होतात.

ओव्हन असेल तर १६० अंशांवर २५ ते ३० मिनिटे, मग तापमान शंभराच्या आसपास आणून तासभर वाळवणे. ओव्हन नसेल तर नानकटाईची जुनी पद्धत आहेच : जाड बुडाच्या कढईत किंवा शिट्टी-रिंग काढलेल्या कुकरमध्ये तळाला मीठ पसरायचे, त्यावर स्टँड, त्यावर ताटली, झाकण आणि मंद आच. वेळ जास्त लागतो आणि तुकडे एकदा उलटावे लागतात. पूर्वी दिवाळीआधी नानकटाईचे पीठ डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर नेण्याची पद्धत होती. ओळखीचा बेकरीवाला असेल तर आजही विचारून पाहायला हरकत नाही.

भाजून झाले, हे ओळखायचे कसे?

रंगावरून ओळखू नये. बाहेरून तांबूस झालेला तुकडा आतून ओला असू शकतो आणि घरच्या बिस्किटांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी येते ती याच कारणाने. बाजारच्या खाऊत पोटॅशियम सॉर्बेटसारखे टिकाऊपणाचे घटक असू शकतात, घरच्या बिस्किटात असा पहारेकरी नसतो. इथे पहारा फक्त कोरडेपणाचा.

त्यासाठी रंगापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा भरवशाचा. वरच्या कृतीतल्या सगळ्या जिनसांचे वजन ३६५ ग्रॅम भरते. यात पाणी किती? कणकेत सुमारे २४ ग्रॅम, भोपळ्यात ९२, अंड्यात ३८, मिळून १५४. म्हणजे कोरडा ऐवज २११ ग्रॅम. तो भाजल्याने कुठे जात नाही, जाते ते पाणी. भाजलेल्या बिस्किटांचे वजन २३० ग्रॅमवर आले तर आत साधारण आठ टक्के ओलावा उरला आहे. हा कुरकुरीत, टिकाऊ टप्पा. तेच वजन २६० ग्रॅम भरले तर ओलावा १९ टक्क्यांच्या आसपास आहे. बिस्किट हाताला कडक लागले तरी बुरशीला तेवढे पाणी पुरते. अशा वेळी तुकडे पुन्हा मंद आचेवर ठेवून वाळवायचे आणि पुन्हा वजन करायचे.

अन्नप्रक्रिया उद्योगात याला ‘जलक्रियाशीलता’ म्हणतात. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे पाणी किती, याचे ते शून्य ते एक या पट्टीवरचे माप. ०.६ च्या खाली बुरशीही वाढत नाही. कडक भाजलेले बिस्किट त्याच्या बरेच खाली असते, तर मऊ केक किंवा ओलसर लाडू बरेच वर. म्हणून मऊ खाऊ केला तर तो फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा.

कडक बिस्किट मात्र हवेतला ओलावा ओढून घेते आणि काल्हेर खाडीकाठी आहे. जून ते सप्टेंबर या काळात डब्याचे झाकण दिवसातून दहा वेळा उघडले तर आठवड्याभरात कुरकुरीतपणा संपतो. उपाय सोपा आहे : रोजच्या चार-पाच तुकड्यांची छोटी डबी वेगळी, मोठा हवाबंद डबा फ्रीजरमध्ये. गरम बिस्किटे डब्यात भरली तर झाकणाला वाफ धरते, त्यामुळे पूर्ण गार होऊ द्यावीत. एका तुकड्यावर जरी हिरवा-काळा ठिपका दिसला तर तेवढाच काढून टाकून भागत नाही, सगळा डबा फेकावा. तो रस्त्यावरच्या कुत्र्यालाही घालू नये, त्याचे यकृत वेगळे नसते.

दिवसाला किती द्यावीत?

जगभरचे पशुवैद्य एक साधा नियम सांगतात : खाऊतून मिळणाऱ्या कॅलरी दिवसाच्या एकूण गरजेच्या दहा टक्क्यांच्या आत. उरलेल्या नव्वद टक्के संतुलित जेवणातून. आता गरज किती, हे काढायचे सूत्र आहे. कुत्र्याचे किलोतले वजन घ्यायचे, त्याचा घन करायचा, मग दोनदा वर्गमूळ काढायचे आणि येणाऱ्या आकड्याला ७० ने गुणायचे. मोबाइल आडवा केला की बऱ्याच फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये वर्गमुळाचे बटण दिसते. ही झाली नुसते पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणतात. वजन उतरवायचे असेल तर गुणायचेच नाही.

दहा किलोच्या कुत्र्याचे उदाहरण घेऊ. घन हजार, पहिले वर्गमूळ ३१.६, दुसरे ५.६२. गुणिले ७० म्हणजे ३९४, गुणिले १.६ म्हणजे साधारण ६३० कॅलरी. खाऊसाठी ६३. आपल्या साठ तुकड्यांच्या घाण्यात एकूण सुमारे ८६५ कॅलरी, म्हणजे एका तुकड्यात १४ ते १५. या कुत्र्याला दिवसाला चार तुकडे. सहा किलोच्या शिह त्झूला तीन, तर तीस किलोच्या लॅब्राडोरला नऊ-दहा. यात इतर सगळा खाऊ धरलेला आहे, पोळीचा तुकडा आणि आजीने टेबलाखालून दिलेले पनीरसुद्धा.

पिल्ले, गाभण कुत्री, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले कुत्रे यांना हे गणित लागू नाही. त्यांच्या बाबतीत पशुवैद्याला विचारल्याशिवाय घरचा खाऊ नकोच. आणि कोणत्याही कुत्र्याला नवा घाणा पहिल्यांदा देताना एकच तुकडा द्यावा, दुसऱ्या दिवसापर्यंत शी आणि खाज यांवर लक्ष ठेवावे.

सोसायटीत विकायची असतील तर?

मुंबईत ‘डॉगी डब्बाज’सारख्या सेवांनी कुत्र्यांसाठी ताज्या जेवणाचे डबे पुरवण्याचा व्यवसाय काही वर्षांपूर्वीच रुजवला. तेव्हापासून सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घरगुती श्वान-खाऊच्या जाहिराती दिसणे नवे राहिलेले नाही. कायद्याच्या बाजूने मात्र यात एक पोकळी आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ मधील ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. त्यामुळे विक्रेत्याने माणसांच्या खाद्यपदार्थांचा परवाना दाखवला तरी तो कुत्र्याच्या बिस्किटाची हमी ठरत नाही. भारतीय मानक ब्युरोचे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी ‘आयएस ११९६८’ हे मानक आहे, २०१९ मध्ये ते सुधारले गेले, पण ते ऐच्छिक आहे.

पाकीटबंद विक्री केली की वैध मापनशास्त्राचे २०११ चे नियम लागू होतात. पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कोणत्या महिन्यात बनवले, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. श्वान-खाद्यावर जीएसटी लागतो. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. कायद्याने मागितले नसले तरी घटकांची पूर्ण यादी छापणारा विक्रेता निवडावा. ‘सीक्रेट रेसिपी’ माणसांच्या बिर्याणीत शोभते. कुत्र्याला विषबाधा झाली तर पशुवैद्याला तीच यादी हवी असते.

गोदामाबाहेरच्या कुत्र्यांना दिले तर?

देता येते, पण जागा आणि वेळ पाळून. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार सोसायटी, ग्रामपंचायत किंवा स्थानिक यंत्रणेने कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवून द्यायची आहे. जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळाची जागा यांपासून ती लांब असावी आणि मुले, वृद्ध यांच्या वर्दळीची वेळ टाळावी, असे नियम सांगतो. भटक्या कुत्र्यांसंबंधीच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही खाऊ ठरलेल्या जागीच घालावा, असे सांगितले. काल्हेरसारख्या ठिकाणी ही जागा शोधताना अवजड वाहनांचा विचार करावा लागतो. गोदामाच्या फाटकाशी बिस्किटे टाकली की कुत्रे कंटेनरच्या मागे-पुढे धावतात आणि वळण घेणाऱ्या चालकाला ते आरशात दिसत नाहीत.

रस्त्यावरच्या कुत्र्याला बिस्किटापेक्षा पाण्याची गरज जास्त असते, विशेषतः मार्च ते मे या महिन्यांत. कोरडा, खूप भाजलेला खाऊ घातला तर शेजारी पाण्याचे भांडे हवेच, आणि ते रोज धुवायला हवे.